त्यानं न संपवलेले ग्लास

टोकियोत तोयोसुच्या ऑफिसात आमच्या मजल्यावर आम्ही दोघंच मराठी होतो आणि दोघांनाही बिअरचा नाद होता. फरक एवढाच, की तो चव घ्यायचा आणि मी प्यायचो. जपानात गावोगावी बिअरचे छोटे छोटे कारखाने आहेत. तिथल्या बिअरला जि-बीरू म्हणतात, म्हणजे त्या त्या गावची बिअर. शनिवारी सकाळी ट्रेन पकडायची, कुठल्या तरी गावात उतरायचं, तिथली जि-बीरू चाखायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं, हे आमचं काही वर्षं चाललं. परतीच्या ट्रेनमध्ये तो फोनवर तिचं परीक्षण लिहायचा आणि ब्लॉगवर टाकायचा. मराठीत. वाचणारे मोजके. त्याचे पुण्यातले कॉलेजचे मित्र, योकोहामातली एक-दोन कुटुंबं आणि माझी बायको, जी स्वतः बिअरला शिवत नाही.

मराठीत का लिहितोस, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"इंग्रजीत लिहिलं की सगळ्या बिअर सारख्याच वाटायला लागतात रे," तो म्हणाला. "सिट्रसी, क्रिस्प, बॅलन्स्ड. कोण म्हणतं असं घरी?"

त्यामुळे त्याच्या परीक्षणांत एका काळ्या बिअरला भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा वास यायचा. दुसरीला कैरीची साल नखानं खरवडल्याचा. फसलेल्या एका बिअरबद्दल त्यानं एवढंच लिहिलं होतं: थर्मासमध्ये राहून गेलेला चहा. फोटो काढणं आणि पाचपैकी किती तारे द्यायचे ते ठरवणं माझ्याकडे होतं.

त्याला खरं तर भूमध्य समुद्राला फेरी मारायची होती. सिसिलीपासून सुरुवात, मग माल्टा, मग ग्रीक बेटं, प्रत्येक बंदरात तिथली बिअर. दरवर्षी बेत व्हायचा आणि दरवर्षी कुणाचं तरी सॉफ्टवेअर रिलीज आडवं यायचं, एकदा त्याचं, एकदा माझं. शेवटी कॅन्टीनमध्ये एक दिवस त्यानं फोनवर नकाशा उघडला आणि म्हणाला, "हे बघ. सेतोचा समुद्र. दोन्ही बाजूंनी जमीन, मध्ये शांत पाणी आणि बेटंच बेटं. लिंबं पिकतात, ऑलिव्ह पिकतात. इथले लोक याला जपानचा भूमध्य म्हणतात. आपण घरचाच भूमध्य करू." जेवणाच्या सुट्टीत आम्ही मार्ग आखला. ओकायामापासून सुरुवात, मग बोटीनं बेटं, मग ओनोमिची, मग पुन्हा एक बेट. त्यानं जागांवर खुणा केल्या आणि नकाशा मला पाठवला.

त्याच हिवाळ्यात त्याच्या पोटात दुखायला लागलं. कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हा बराच पसरलेला होता. काही महिने त्यानं टोकियोतच उपचार घेतले. लग्न झालेलं नव्हतं. वडील नव्हते, पुण्यात आई आणि मोठी बहीण. माझी बायको डबे पाठवायची. डोक्यावरचे केस गेले, दाढी तेवढी राहिली, तेव्हा तिनं त्याला मोरपंखी लोकरीची टोपी विणून दिली. तिला टोपी विणायची सवय नव्हती. मधली एक ओळ तिनं चुकून राखाडी विणली आणि उसवायचा कंटाळा केला. तो म्हणाला, "वहिनी, ही चूक नाही, डिझाइन आहे." नंतर मार्चमध्ये त्यानं पुण्याला परत जायचं ठरवलं. जाण्याआधीचे काही दिवस तो भेटला नाही. घर आवरतोय, पसारा आहे, येऊ नकोस, असा मेसेज यायचा. मग विमानतळावर निरोप. पावसाळा संपता संपता तो गेला. मी व्हिडिओ कॉलवर होतो.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी बायकोला म्हटलं, तो सेतोचा मार्ग करून येऊ या. ती म्हणाली, "मी समुद्र बघीन, तू काय प्यायचं ते पी."

ओकायामाजवळच्या एका बंदराच्या गावात पहिला मुक्काम होता. जुन्या गोदामात बिअर करत होते, पुढे काउंटर आणि चार टेबलं. आम्ही आत शिरलो तसा ॲप्रन बांधलेला मालक हात पुसत बाहेर आला, माझ्याकडे बघून थबकला आणि वाकून म्हणाला, "हिसाशिबुरि देसु ने." म्हणजे, फार दिवसांनी आलात.

मी हसलो आणि म्हटलं, "मी पहिल्यांदाच येतोय."

तो गोंधळला, पुन्हा पुन्हा माफी मागू लागला. बाहेर पडल्यावर मी बायकोला म्हणालो, "दाढी आणि चष्मा असला की यांना सगळे भारतीय सारखेच." तीही हसली. पांढऱ्या पीचची ती बिअर मला आवडली होती. चार तारे दिले.

दुसऱ्या दिवशी बोटीनं एका बेटावर गेलो. उतारावर लिंबाच्या बागा होत्या, लिंबं अजून हिरवी. बागांच्या पायथ्याशी बिअरचं दुकान होतं. काउंटरवरच्या तरुण मुलीनं मला पाहिलं, मग बायकोला पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"या वेळी दोघं आलात," ती म्हणाली. "तब्येत आता बरी आहे ना?"

या खेपेला मी हसलो नाही. "कधी आलो होतो मी?" असं विचारलं.

"गेल्या वर्षी, मार्चमध्ये. नाही का?" ती आता माझ्याकडे नीट बघत होती आणि तिचा आवाज हळू होत गेला. "नाही. सॉरी. ते बारीक होते. टोपी घातली होती."

"कसली टोपी?" बायकोनं विचारलं. तिचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं आहे. आमची मुलगी शाळेतून येऊन घरी जपानीतच बोलते, त्यामुळे तिला ते आलंय.

"लोकरीची. हिरवी-निळी. मध्ये एक करड्या रंगाची ओळ."

बायकोनं टेबलाची कड धरली. तो घर आवरत होता. पसारा होता. तो आम्हाला येऊ देत नव्हता, आणि त्या दिवसांत तो इथे, या लिंबांच्या खाली बसला होता.

त्या मुलीला तो लक्षात राहिला होता कारण त्यानं ग्लास संपवला नव्हता. त्यानं बिअर घेतली, खूप वेळ वास घेतला, एक घोट घेतला आणि ग्लास तसाच ठेवून निघाला. तिला वाटलं, बिअर बिघडली की काय. ती त्याच्या मागोमाग बाहेर गेली. तो म्हणाला, बिअर उत्तम आहे, मलाच जमत नाहीये. माझा मित्र येईल नंतर, तो संपवेल.

"ते तुम्हीच का?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली. तिनं भरलेला ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि मी तो संपवला. चव कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतरचा प्रवास वेगळाच झाला. आम्ही ठरलेल्या मार्गानंच जात होतो, आणि आता माहीत होतं की तोही याच मार्गानं गेलाय. बोटीवर बसताना वाटायचं, आजारी माणूस वाऱ्याला पाठ करून बसेल, म्हणजे या बाकावर. मग मी त्या बाकावर बसायचो नाही, शेजारच्या बसायचो. ओनोमिचीत टेकडीवर अरुंद पायऱ्या आहेत. चढता चढता मध्येच एक दगडी कठडा आला आणि बायको आपोआप थांबली.

"दमलीस?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तो इथे टेकला असेल."

आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. खाली समुद्राची चिंचोळी पट्टी, पलीकडच्या काठावर क्रेन, मधून जाणारी बोट. कठड्यावर मांजर झोपलं होतं. मला मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती. मागे कुणी नव्हतं हे मला ठाऊक होतं, आणि तेच बघायचं नव्हतं.

वर टेकडीवरचा बार शोधून काढला. आतल्या बाईंनी मान वर केली, "या, बसा" म्हणाल्या आणि मेनू पुढे केला. बस, तेवढंच. मी दाढीवरून हात फिरवत त्यांच्या समोर बसून राहिलो, त्यांनी ओळखावं म्हणून. शेवटी मीच विचारलं. नाही, असं कुणी आलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"पायऱ्या चढवल्या नसतील त्याला," बाहेर आल्यावर बायको म्हणाली. तेव्हा मात्र ती रडली.

परत फिरावं असं मी म्हटलं. तिनं ऐकलं नाही. "एक बेट राहिलंय ना? मग जाऊ. तिथंही कुणी ओळखलं नाही तर नाही."

त्या शेवटच्या बेटावर मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली होती आणि शाळेच्या इमारतीत एक म्हातारे गृहस्थ बिअर करत होते. दुपारची वेळ होती. वर्गातली बाकं तशीच होती, फळाही होता, त्यावर खडूनं त्या दिवशीच्या बिअरची नावं लिहिलेली. आम्ही दोघंच गिऱ्हाईक होतो. गृहस्थांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "हिसाशिबुरि" म्हणाले नाहीत.

"तुम्ही ते मित्र," ते म्हणाले.

खिडकीजवळच्या बाकाकडे त्यांनी बोट केलं. तो तिथे सबंध दुपार बसला होता म्हणे. इथं तर त्यानं घोटही घेतला नाही. औषधांनी जीभ मेली आहे, सगळं पत्र्यासारखं लागतं, असं त्यानं सरळ सांगितलं. मग गृहस्थांनाच म्हणाला, तुम्ही प्या आणि मला सांगा.

"मी प्यायलो," गृहस्थ म्हणाले. "मी सांगितलं, कडू आहे. ते म्हणाले, कशासारखं कडू? मला असं कुणी विचारलेलं नव्हतं. मी विचार केला. माझी आई संत्र्याच्या साली चुलीजवळ वाळवायची, तसं, म्हटलं. त्यांना फार आनंद झाला. ते तुमच्या भाषेत काहीतरी बोलले, एकटेच. पुन्हा म्हणाले, आता दुसरी प्या. असं करत करत मीच सगळ्या प्यायलो." ते थोडं हसले. "त्या दिवशी मला बऱ्यापैकी चढली. बोटीपर्यंत त्यांनीच मला हात दिला, की मी त्यांना, सांगता येत नाही."

मग त्यांनी ज्याची मी वाट बघत होतो तो प्रश्न विचारला. "कसे आहेत ते?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं सांगितलं. पुण्याला गेला, आईजवळ होता, त्याच वर्षी गेला.

गृहस्थ आत गेले, आणि चार ग्लास घेऊन आले. तीन आमच्यासमोर ठेवले आणि एक खिडकीजवळच्या बाकावर. माझा हात सवयीनं पुढे गेला, ग्लासला ग्लास टेकवायला. त्यांनी हलकेच तो थांबवला.

"कानपाई नाही," ते म्हणाले. "गेलेल्या माणसासाठी केनपाई. ग्लास वाजवायचे नाहीत."

आम्ही ग्लास छातीशी धरले आणि हळूच म्हटलं, केनपाई. बायकोनंही म्हटलं आणि एक घोट घेतला, आयुष्यातला पहिला. तोंड वाकडं केलं, पण खाली ठेवला नाही. बाकावरच्या ग्लासातला फेस बसत गेला. कुणीच तिकडे नीट बघत नव्हतं. वाऱ्यानं खिडकीचं दार हललं तेव्हा मात्र तिघांनीही एकदम वळून पाहिलं.

टोकियोला परतल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी, मी त्याच्या ताईंना पुण्याला फोन केला. सांगावं की नाही हे बरेच दिवस ठरत नव्हतं. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्या दिवसांत तो त्यांना सांगत होता की शेवटच्या तपासण्यांसाठी ॲडमिट झालोय, फोन लागला नाही तर काळजी करू नका.

मी सगळं सांगितलं. पीचची बिअर, लिंबाच्या बागा, शाळा. फोन कट झाला की काय म्हणून मी "ताई?" म्हटलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "एकटाच होता का हो तो?"

"प्रवासात एकटा होता. पण त्या त्या ठिकाणी माणसं होती. चांगली होती."

"खाल्लं का त्यानं काही? त्या शाळेत?"

हे मी विचारलंच नव्हतं. तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे त्यांचा नंबर असेल ना? विचारून सांगाल?"

मी बेटावर फोन केला. गृहस्थांनी मुळीच वेळ न घेता सांगितलं, हो, त्यांच्या बायकोनं भाताचे गोळे करून दिले होते, आत आंबट प्लम घातलेले. त्यानं त्यातला एक अर्धा खाल्ला आणि उरलेले कागदात बांधून बोटीवर नेले.

मी ताईंना तसं कळवलं. "अर्धा खाल्ला," त्या म्हणाल्या, आणि मग फोनपासून तोंड वळवून त्यांनी आईंना मोठ्यानं सांगितलेलं मला ऐकू आलं, "अगं, जेवला होता तो तिथं."