ओला गालिचा कोणी गुंडाळला

माझा धंदा गालिचे धुण्याचा होता. ऑफिस डोंबिवलीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर. तिथे एक टेबल आणि एक फोन, बस. खरं काम आंबिवलीला चालायचं. स्टेशनपासून वीस मिनिटांवर मी एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. आता दुपारी डोळा लागला की मी पुष्कळदा तिथेच असतो. छपरातल्या फायबरच्या पत्र्यांतून हिरवट उजेड खाली येतो आहे, कोब्यावर बोटभर पाणी आहे आणि त्या पाण्याखाली बाग पसरली आहे. वेली, कमळं, माना वळवून बसलेले पक्षी. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या बागेतून चालतो आहे आणि पायाखाली सगळं मऊ लागतं आहे. ओल्या लोकरीचा वास, भिजलेल्या मेंढरासारखा. बागेच्या टोकाला एक बाई पाठमोरी वाकून लाकडी फळीने पाणी ओढते आहे. तिने मान वर करण्याच्या आत मला जाग येते.

हे लिहितो आहे ते त्या बाईंबद्दल.

त्या आंबिवलीच्याच. घरची शेती होती, ती हळूहळू इमारतींखाली गेली. माझ्याकडे आल्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. पहिल्या महिन्यात फक्त झोडपायचं काम करत. गालिचा उलटा टाकून पाठीवर काठीने मारायचं, म्हणजे आतली वर्षानुवर्षांची रेती गळते. चौथ्या वर्षी शेड त्याच चालवत होत्या आणि मी डोंबिवलीत बसून फोन घेत होतो. कुठला डाग कशाने निघेल, कुठला रंग थंड पाण्यातही सुटेल, हे त्यांना हात फिरवून कळायचं. ते मी त्यांना शिकवलं नव्हतं. मला स्वतःलाच ते येत नव्हतं.

वाळलं की नाही हे पाहण्याची त्यांची एक रीत होती. बांबूवर टांगलेल्या गालिच्याच्या पाठीला त्या गाल टेकवायच्या आणि डोळे मिटून थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या. वर लोकर कोरडी लागते, पण खालचा सुती ताणा पाणी धरून ठेवतो. हाताला ते कळत नाही, गालाला गार लागतं. टेम्पोवाला चिडवायचा, "ताई, गालिच्याच्या कानात काय सांगता ओ?"

"तुझं लगीन ठरत नाय ते सांगते," त्या डोळे न उघडता म्हणायच्या.

त्यांनी मान हलवली की मगच गालिचा गुंडाळायचा. नऊ वर्षं हा नियम कोणी मोडला नाही. ग्राहक फोनवर मला विचारू लागले, "त्या बाईच धुणार ना?" सुरुवातीला मला बरं वाटायचं.

मग एका जूनमध्ये त्या ऑफिसात आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "शेठ, दिवाळीपासून मी माझं चालू करीन म्हणते. घरच्या मालकांच्या वाट्याची जागा हाय, बोअर हाय. गावातल्या चार बाया तयार हायत. तुमचं गिऱ्हाईक मी घेणार नाय. पन कोन आपून आला तर त्याला नाय कसं बोलू?"

मी म्हणालो, "छान, करा की." त्यांना चहा पाजला. त्या गेल्यावर मी बराच वेळ फोनकडे पाहत बसलो. कोण आपणहून जाईल ते मला माहीत होतं. सगळेच.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी ठाण्यातल्या खोपटच्या एका घरचा गालिचा आला. सायीच्या रंगाची जमीन आणि चौफेर लाल फुलांची किनार. त्या घरच्या यजमानांनी नोकरीत असताना काश्मीरहून आणलेला. आता त्यांची नजर गेली होती आणि ते हॉलमध्ये किनारीवर अनवाणी पाय टाकत चालायचे, गालिचा संपला की दार आलं हे ओळखायचे. त्यांच्या बायकोने मला बजावलं होतं, "गणपतीला हवाच. त्यांना त्याच्याशिवाय घरात हिंडता येत नाही."

ऑगस्टमध्ये आंबिवलीची हवाच पाण्याची असते. पंखे लावले तरी ओली हवाच गोल फिरते. त्यात सगळ्यांनाच गणपतीच्या आधी गालिचे हवे असतात. शेडमध्ये त्या आठवड्यात एवढे गालिचे टांगलेले होते की त्यांच्यामधून चालताना माणूस दिसत नसे, नुसता आवाज यायचा. गणपतीच्या तीन दिवस आधी मी शेडवर गेलो. दोन रंगीत भिंतींच्या पलीकडून त्यांचा आवाज आला, "खोपटचा सुकला नाय, शेठ. पोटात पानी हाय अजून."

मी हात लावून पाहिला. कोरडा होता. "वाळलाय."

त्या पडदा सारावा तसा गालिचा बाजूला करून माझ्यासमोर आल्या. "गाल लावून बघा."

मी लावला नाही. टेम्पोवाल्याला बोलावलं, त्याच्याकडून गालिचा गुंडाळून घेतला आणि वर नवीन प्लास्टिक स्वतःच्या हाताने लावलं. टोकं चिकटपट्टीने बंद केली, वारासुद्धा जाऊ नये अशी. खोपटला पोचवताना वर शहाणपण शिकवलं, "वहिनी, गणपती यायच्या दिवशीच उघडा. आत्ता उघडलात तर धूळ बसेल." त्यांनी माझं ऐकलं. तीन दिवस तो गालिचा पलंगाखाली प्लास्टिकमध्ये राहिला.

स्थापनेच्या सकाळी त्यांचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "या आणि बघा."

मी निघालो तेव्हा बाईंना कळवलं. घरी गणपती यायचा असूनही त्या बादली आणि पांढरी फडकी घेऊन डोंबिवली स्टेशनवर मला येऊन मिळाल्या. खोपटच्या हॉलमध्ये चौरंग मांडलेला, मखरावर दिव्यांची माळ लुकलुकत होती आणि मधोमध तो गालिचा. लाल किनार सायीच्या रंगाच्या जमिनीत उतरली होती. गुंडाळीच्या प्रत्येक वेढ्यात पुढे, पुन्हा पुढे, संध्याकाळच्या ढगांसारखे गुलाबी डाग. खरं सांगायचं तर ते सुंदर दिसत होतं. वास मात्र कुबट. अंध यजमान खुर्चीत बसून म्हणाले, "आपल्याकडे तळं आलंय का गं?"

बाई गुडघ्यांवर बसून फडक्याने एकेक डाग टिपत होत्या. त्या घरच्या वहिनींनी मला विचारलं, "कोणी केलं हे?"

मी बाईंच्या डोक्यावरून म्हणालो, "आमच्या बाईंनी ओलाच गुंडाळला. मला न विचारता. हल्ली त्यांचं लक्ष नसतं कामात, स्वतःचं चालू करायचंय ना."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. त्या जमेल तेवढा लाल टिपून घेत राहिल्या, फडकी पिळत राहिल्या. वहिनी त्यांना एवढंच म्हणाल्या, "राहू द्या आता." बाई उठल्या, चौरंगाला नमस्कार केला आणि बादली घेऊन जिना उतरल्या. मी खाली आलो तेव्हा रस्त्यावर कुठेच नव्हत्या. शेडवर त्या पुन्हा आल्या नाहीत.

मी आजवर स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो होतो, ग्राहक जाईल म्हणून तोंडातून निघून गेलं. घाबरलेला माणूस एकदा खोटं बोलतो. मी ते पुन्हापुन्हा बोललो. पुढचं वर्षभर ज्याने ज्याने "त्या बाई कुठे गेल्या?" म्हणून विचारलं, त्याला खोपटच्या गालिच्याची गोष्ट सांगितली. ती सांगायला मला सोपी जाऊ लागली. बाईंनी दिवाळीला त्यांचं चालू केलं खरं, पण ठाणे-डोंबिवलीकडचं कोणी तिकडे गेलं नाही. त्यांनी मंडपवाल्यांच्या सतरंज्या धुऊन दिवस काढले. माझी शेड मात्र मी थकेपर्यंत चालली.

यंदा मी आंबिवलीला गेलो. शेडच्या जागी सात मजली इमारत आहे. बाईंचं घर मागेच, पुढे तारेवर सतरंज्या वाळत घातलेल्या. त्या बाहेर आल्या. केस पांढरे झाले आहेत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जूनपासून.

"मना कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "मना तर ठावंच हाय. मी तिथंच होते."

"माफी..."

"ज्यांना खोटं सांगितलं त्यांना खरं सांगून या आधी. मग बसू." आणि त्या सतरंजी उलटी करायला वळल्या. मी दुसरं टोक धरलं. त्यांनी धरू दिलं.

पुढच्या आठवड्यात मी खोपटला गेलो. यजमान आता नाहीत. वहिनींना ओळखायला वेळ लागला. गालिचा हॉलमध्येच होता आणि तो गुलाबी आता इतका मवाळ झाला होता की डाग कुठला, नक्षी कुठली ते मला सांगता आलं नसतं. मी त्याच्यावर पाय न ठेवता, दारापाशीच उभा राहून बोललो. त्यांनी सगळं ऐकलं.

"मी पाच घरी त्या बाईंचं वाईट सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर." मग म्हणाल्या, "नंबर आहे का त्यांचा?"

मी दिला. त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"मी खोपटहून बोलतेय. तो लाल किनारीचा गालिचा..."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "हाय का अजून तो?"

"आहे. तुमचे शेठ आलेत इथे. सांगितलं त्यांनी."

"बरं झालं."

"मी तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही त्या दिवशी."

"सनाचा दिवस होता, वहिनी. मी तरी कुठं बोलले? शेठ समोर उभे होते. नऊ वर्सं मीठ खाल्लेलं."

"मी ज्यांना सांगितलं त्यांना फोन करते. आजच."

"करा. पन डाग मना बघू द्या एकदा. तवा काम अर्धंच राह्यलं."

"नको, डाग असू दे. आमच्या ह्यांना वास गेल्यावर तो पुन्हा आवडायला लागला होता. तुम्ही अशाच या."

त्यानंतर त्या दोघी गुडघ्यांबद्दल बोलू लागल्या, मग सुनांबद्दल. मी दारात उभाच होतो. मला कोणी बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. काही वेळाने मी चपला घालून खाली उतरलो.

माझ्या आठवणीत अशी एकूण चौदा घरं आहेत. दहा घरी जाऊन आलो. एका ठिकाणी दार लावून घेतलं, एका ठिकाणी कोणालाच काही आठवत नव्हतं, तरी मी सगळं सांगितलं. उरलेले चार जण घरं विकून कुठे गेले ते शेजाऱ्यांनाही माहीत नाही. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे, त्यांच्या किंवा त्यांच्या मुलांच्या वाचनात येईल या आशेने. खोपटचा गालिचा ओला आहे असं बाईंनी मला सांगितलं होतं. तो मी गुंडाळायला लावला, प्लास्टिक मी लावलं, आणि उघडू नका असंही मीच सांगितलं. माझ्या शेडमध्ये नऊ वर्षांत त्या बाईंच्या हातून एकही गालिचा ओला गेला नाही.