पंगत मोडू नये म्हणून

आलापल्लीहून फोन आला तेव्हा मी नुकताच चंद्रपूरला घरी पोचलो होतो. रामटेके सर गेले, असं त्यांचा पुतण्या सांगत होता आणि मी त्यालाच विचारत होतो, कोणते रामटेके? कारण दुपारी त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनीच मला आग्रहाने भात वाढला होता... महिना उलटला, तरी मी त्या फोनवरच अडकलो आहे.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. भर उन्हाळ्यातही त्यांच्या शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लागलेलंच असायचं. एकदा त्यांनी वर्गात 'स्ट्रेट-लेस्ड' हा शब्द शिकवला. रीतभात जरासुद्धा न सोडणारा माणूस. यातलं स्ट्रेट म्हणजे सरळ नव्हे, आवळलेलं. पूर्वी इंग्लंडातल्या बाया अंगातल्या घट्ट चोळीच्या नाड्या इतक्या आवळायच्या, की ताठ दिसायच्या, पण धड श्वास घेता यायचा नाही. पुढे स्वतःला तसंच आवळून जगणाऱ्यांनाही लोक तेच म्हणू लागले. एका मुलीने विचारलं, "म्हणजे तुमच्यासारखा का जी, सर?" सर मनापासून हसले, आणि स्टाफरूममध्ये येऊन हे मलाही सांगितलं.

आमच्याकडे शेवटची पंगत उठल्याशिवाय मुलीचा बाप बसत नाही. आता हे कोण पाळतो? सरांनी त्या लग्नात पाळलं. छातीत दुखतंय, हे त्यांनी फक्त बायकोला, शांताबाईंना सांगितलं होतं. त्या रडू लागल्या तर म्हणाले, "चूप राह्य. पाव्हणे जेवून राह्यले." दवाखाना जवळच होता. नवरदेवाची गाडी दारात उभी होती. अख्खा मांडव माणसांनी भरलेला, आणि त्यात मी! पंगत उठली, सर मांडवामागच्या खुर्चीवर बसले ते कायमचेच. मला दुःखाआधी राग येतो... भाताचं टोपलं खाली ठेवायला काय जात होतं?

परवा त्यांच्या नावाने जेवण होतं. शांताबाई स्वतः वाढत होत्या. अर्ध्या पंगतीत त्या मटकन खाली बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मले धडधडून राह्यलं. जेवण राहू द्या, मले दवाखान्यात न्या."

आम्ही सगळे उष्ट्या हातांनी उठलो. पंगत मोडली म्हणून कुणाला काही वाटलं नाही. रक्तदाब वाढला होता, संध्याकाळी त्या घरी आल्या. मी तोवर तिथंच, अर्धवट जेवलेल्या पत्रावळींपुढे उभा होतो. एवढंच तर म्हणायचं होतं, सर.