चूळ भरून आलेल्या मावशी

लाळेचे नमुने गोळा करायला मी शाहूवाडीकडच्या एका गावात गेलो होतो. एका म्हाताऱ्या मावशींच्या हातात नळी दिली, तर त्या संकोचल्या. "पावणं, उष्टं कसं द्यायचं वं तुमास्नी?" म्हणत आधी खळखळून चूळ भरून आल्या. तोंडातले जिवाणू धुऊन गेले, नमुना वाया गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वरच्या वस्तीवरून डोंगर उतरून पुन्हा आल्या. "आज चूळ भरली न्हाय बघा, च्याबी घेतला न्हाय." नळी देताना तोंडाला पदर लावलेला.

कोल्हापुरात प्रयोगशाळेत त्या लाळेतली जनुकं वाचली, तेव्हा तोंडातल्या जिवाणूंवर जगणारा, आजवर कुणालाच ठाऊक नसलेला विषाणू सापडला. त्याला आता नाव मिळेल. मावशींचं नाव मात्र, ओळख गुप्त ठेवायच्या नियमामुळे, मी विचारलंच नव्हतं. नळीवर नुसता आकडा.

तेव्हापासून कुणाचीही नळी मी ओंजळीत घेतो.