मावशींचा सुकटीचा डबा

कळव्यात परगावाहून नवं बिऱ्हाड आलं, की पोस्टमनच्याच काय, केबलवाल्याच्याही आधी त्याचा पत्ता लागायचा तो आमच्या शेजारच्या मावशींना. टेम्पोतून गाद्या उतरत असतानाच त्या कमरेवर हात ठेवून हजर. कुठले, पोरं किती, काम काय, ही सगळी चौकशी मराठीत. समोरच्याला कळत नाही असं दिसलं, की तीच मराठी जरा मोठ्या आवाजात. मग पाणी कधी येतं, शाळेत नाव घालायला कोणाला भेटायचं, कुठला डॉक्टर उगाच सुया टोचतो, सगळं एका दमात. परगावच्यांसाठी मदत केंद्र काढायचं कोणी ठरवलं असतं, तर मावशींच्या ओट्यावर नुसती पाटी लावून भागलं असतं.

त्यांचा एक नेम होता. नव्या घरात पहिल्या दिवशी चूल पेटवू द्यायची नाही, जेवण त्यांच्याकडून. पितळी कडीच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट, तीही भरपूर लसूण घालून. एकदा हा डबा राजस्थानच्या पक्क्या शाकाहारी घरात गेला. त्या बिचाऱ्यांनी खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, पण डबा चिंचेने घासून, चुरम्याचे लाडू भरून परत केला. डबा रिकामा परत करू नये, हे त्यांच्याकडेही होतंच. "कसा लख्ख घासलाय बग, बाय," मावशी मला कौतुकाने म्हणाल्या. सुकटीचं काय झालं असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

एक डबा मात्र परत आला नाही. नेपाळहून आलेल्या मायाकडे गेलेला. नवरा वॉचमन, ती पोटुशी, इथे ओळखीचं कोणी नाही, आणि मावशी दिसल्या की ती रस्ता बदलायची. डबा गेला, असं मी म्हटलं. मावशींना काळजी वेगळीच होती: पोरीचं नाव दवाखान्यात घातलंय की नाही? शेवटी एक दिवस तिला हाताला धरून त्या पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मीही सोबत होते. खिडकीतल्या बाईंनी इथला पत्ता मागितला, तर मावशींनी स्वतःचा दिला. नातं विचारलं, तर "आई" म्हणाल्या. बाईंनी मायाकडे पाहिलं, मग मावशींच्या लुगड्याकडे.

"नाव लिवायचंय का सोयरीक जमवायचीय?" मावशींनी विचारलं.

नाव लागलं. पुढे मायाला गोड मुलगीही झाली. डब्याचा विषय कोणी काढला नाही.

गेल्या वर्षी मावशींचं खाडीलगतचं घर पाडायला घेतलं आणि मुलाने त्यांना घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये नेलं. मी सामान लावायला गेले होते. सून चहा ठेवायला निघाली, तर मावशी तिला गॅस पेटवू देईनात. खुर्ची दाराकडे वळवून बसल्या. मजल्यावरची सगळी दारं बंद. मुलगा फोनवरून जेवण मागवू म्हणाला, तर "येल कोन तरी" एवढंच बोलल्या. दुपार टळली. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात माया, कडेवर मुलगी आणि हातात तोच कडीचा डबा. नवा पत्ता तिला मीच दिला होता, पण ती आजच येईल असं वाटलं नव्हतं.

"तेव्हा भरायला घरात काहीच नव्हतं, मावशी," ती म्हणाली. "रिकामा कसा देणार?"

डब्यात कडेला फाटलेल्या जाडजूड भाकऱ्या होत्या आणि सुकट होती. सुकटीचा घमघमाट लिफ्टभर पसरला असणार. मीठ जास्त झालंय, असं म्हणत मावशींनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि पदराने डोळे पुसले. मग डबा घासून त्या नव्या स्वयंपाकघरात बंद खोक्यांमध्ये कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. भरून द्यायला काहीच हाताला लागत नव्हतं.

माया आत आली. "राहू दे, मावशी, सावकाश दे," ती म्हणाली. "मी कुठे जातेय?"