खुर्च्या बदला

वाद रंगात आला की दादा बार्बेक्यूचा चिमटा उंच धरून ओरडायचे, "उठा! खुर्च्या बदला!"

म्हणजे समोरच्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याचीच बाजू मांडायची, तीही अशी की त्याने म्हणावं, "हो, हेच!" तोवर पुढे बोलायला बंदी, आणि ताटात पनीरही पडायचं नाही.

दादा इथे परदेशात, क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत नीतिशास्त्र शिकवायचे आणि माझ्या शेजारी राहायचे. "पूर्वपक्ष मांडल्याशिवाय खंडन करायचं नाही, ही आपली जुनी शिस्त," ते म्हणायचे. "इथे जो तो आपापल्या फोनमध्ये जिंकून बसलाय. समोरच्याचं ऐकतो कोण?"

तुम्ही असता तर तुम्हीही वैतागला असता. माझ्यासारख्या पक्क्या मांसाहारी माणसाला त्यांनी एकदा एका व्हीगन मुलीच्या खुर्चीत बसवलं. मी असा काही पेटलो की हातातलं चिकन खाली ठेवलं! ती पोरगी टाळ्याच वाजवायला लागली. काय मजा यायची! घरी जाताना आपलं मत खिशात आहे की नाही, हे चाचपून पाहावं लागे.

दादा आणि वहिनी या नवरा-बायकोचे मात्र दोन वाद कधी मिटले नाहीत. एक, वहिनींचा चहा, जो दादांच्या मते रोज बेचव व्हायचा. दुसरा, स्वेच्छामरण. त्याला परवानगी देणारा इथला कायदा दादांना पटलेला, वहिनींना त्याचं नावही नको.

आणि दादांनाच कॅन्सर झाला. डॉक्टरांनी हात टेकले. दादा म्हणाले, मला या कायद्याने जाऊ दे. वहिनींनी अबोला धरला.

मी हॉस्पिटलात सूप घेऊन गेलो, तेव्हा दादांनी चमचा उचलला. "उठ गं. खुर्च्या बदल."

वहिनी रागारागाने पलंगावर बसल्या, दादा कसेबसे खुर्चीत. वहिनी दादा होऊन बोलू लागल्या, "दुखण्याला मी घाबरत नाही. पण तू बायकोची नर्स झालेली मला बघवणार नाही."

"हेच," दादा म्हणाले. मग ते वहिनी झाले. "अरे, मी सेवा करीन, दमेन, चिडेन. पण तू हवायस मला. चहाला नावं ठेवायला तरी थांब."

"हेच," म्हणत वहिनी रडायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पटलं मला तुझं. जायचं असेल तर जा. मी हात धरून बसेन."

"छे! मला तुझं पटलंय. मी थांबतो."

म्हणजे वाद पुन्हा तिथेच! दादा इतके हसले की नर्स धावत आली. मी हातात सूप धरून हसत होतो आणि रडतही होतो.

दादा थांबले. शेवट सोपा नव्हता.

परवा वहिनींनी पुन्हा बार्बेक्यू पेटवला. सगळे जमले. दादांचा एक जुना विद्यार्थी न राहवून म्हणाला, "वहिनी, ऑनेस्टली, लीगल असताना दादांनी एवढं का सोसलं?"

वहिनींनी चिमटा उचलून माझ्याकडे रोखला. "उठ. आज तू दादा हो. ह्याला सांग."

मी दादांच्या खुर्चीत बसलो. मनात मुद्दे जुळवले. समोर वहिनींनी केलेला चहा होता. एक घोट घेतला.

"आजपण बेचव झालाय," मी म्हणालो.

"हो," वहिनी म्हणाल्या. "हेच."