सोवळ्याचा पट्टा

माझं अक्षर चांगलं होतं, सगळं तिथून सुरू झालं. कल्याणच्या मामलेदार कचेरीत मी तेव्हा उमेदवारी संपवून नुकताच कायम झालेला कारकून होतो. मोडी असो की बाळबोध, माझ्या हातचा कागद पाहिला की वरिष्ठ चष्मा पुसून पुन्हा वाचायचे. गावात चार शहाणी माणसं एकत्र बसली आणि त्यांना आपलं शहाणपण कागदावर उतरवून हवं असलं, की मला बोलावणं यायचं. मीही जायचो. पगडी नीट बसवून, कानावर बोरू अडकवून मोठ्या ऐटीत जायचो. आता वाटतं, त्या दिवसांत कुणी माझा उजवा हात दाराच्या फटीत चेपला असता तर फार बरं झालं असतं.

तळ्याच्या बाजूला एक महादेवाचं जुनं देऊळ होतं. एका वळवाच्या पावसात त्यावर वीज पडली, शिखराला तडा गेला आणि कळस कलंडला. तो सरळ करायचा म्हणून गावानं पाच पंचांची सभा नेमली. अध्यक्ष सरकारी नोकरीतून पेन्शन घेऊन आलेले, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. धर्माच्या बाजूला शास्त्रीबोवा. उरलेले तिघे मान डोलवायला होते आणि ते काम ते मन लावून करायचे. सभेचा वृत्तान्त लिहायला अर्थातच मी.

शिखराभोवती बांबूची परांची उभी राहिली. जमिनीपासून कळसापर्यंत बांबूला बांबू सुंभानं आवळलेला, आणि मजल्यामजल्याला उभं राहायला एकेक फळी. वरून माणूस पडू नये याची काळजी पंचांनी पहिल्याच सभेत घेतली. नारळ फोडला आणि परांचीच्या टोकाला सात मिरच्या, एक लिंबू आणि एक काळी बाहुली बांधायचा ठराव केला. पुढं वाऱ्यानं ती बाहुली एकदा खाली पडली. तेव्हा रावसाहेब स्वतः जातीनं उभे राहिले आणि तिला दुहेरी सुंभानं घट्ट बांधून घेतलं. बाहुलीची एवढी काळजी घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून सांगतो.

काम घेतलं होतं एका गवंड्यानं. तो घाटावरचा, जुन्नरकडचा. नाणेघाट उतरून आलेला. बायको बरोबर होती, ती चुना मळायच्या घाणीवर राबायची. चाळिशीचा, सडपातळ, बोलणं बेताचं. त्याच्या हातात थापी पाहिली की वाटायचं, हिला बोटं फुटलीत. याआधी तो ठाण्याच्या खाडीवर रेल्वेच्या पुलाच्या कामावर होता. तिथं कुणा गोऱ्या इंजिनियरानं उंचावर चढणाऱ्यांना चामड्याचे पट्टे दिले होते. वीतभर रुंद पट्टा, पुढं लोखंडी कडी, कडीला दोर, आणि दोराचं दुसरं टोक पक्क्या जागी बांधलेलं. तिथं एकदा याचा पाय सटकला आणि हा विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा खाडीवर लोंबकळत राहिला. वरच्यांनी ओढून घेतला. काम संपल्यावर त्यानं बक्षीस म्हणून दुसरं काही मागितलं नाही, तो पट्टा मागितला. ही गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा, आणि सांगताना पट्ट्यावरून हात फिरवायचा.

पहिल्या दिवशी तो पट्टा बांधून परांचीपाशी आला आणि शास्त्रीबोवांची नजर पडली. झालं. चामडं, आणि देवाच्या डोक्यावर? शास्त्रीबोवा असे मागं सरले की तुळशीच्या कट्ट्यावर आपटता आपटता वाचले. काम थांबलं. पंचांची सभा बसली.

सभा तीन दिवस चालली. खोटं नाही सांगत. माणसानं देवाच्या डोक्याच्या वर पाय ठेवायचा, हे सगळ्यांना चालत होतं; त्याशिवाय कळस बसणार कसा? पण पायाच्या वर, कमरेला, चामडं असेल तर? त्यावर शास्त्रीबोवांनी आधार काढले. रावसाहेबांनी नोकरीतले दाखले दिले. तिघांनी माना डोलावल्या. आतल्या पिंडीमागं भिंतीवर शंकराचं चित्र होतं, त्यात देव वाघाच्या कातड्यावर बसून हे सगळं ऐकत होता. ते चित्र माझ्या बरोबर समोर होतं. मी पाहिलं, आणि खाली मान घालून लिहीत राहिलो.

तिसऱ्या दिवशी गवंड्याची बायको सभामंडपाच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. डोक्यावर चुन्याची पाटी तशीच. बोलू का, असंही तिनं विचारलं नाही. मंडपातल्या नगाऱ्याकडं बोट करून म्हणाली, "मंग ह्यो नगारा कशाचा हाय?"

रोज आरतीला जो बडवला जायचा, तो नगारा. शास्त्रीबोवांना एकाएकी खोकला आला. रावसाहेब आढ्याकडं पाहू लागले. मग कुणीतरी म्हणालं की बायकांनी सभेत बोलू नये, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मी तो प्रश्न लिहिला नाही. बाई सभासद नव्हती ना. नियम म्हणजे नियम, आणि नियमाचा तर मला भारी पुळका.

पण काम अडलं होतं आणि कळसाचा मुहूर्त जवळ येत होता. पट्ट्याशिवाय चढायला गवंडी तयार नव्हता. पट्ट्यासकट चढू द्यायला पंच तयार नव्हते. आणि इथं मला, मला मेल्याला, अक्कल सुचली. कुणी विचारलं नसताना मी बोरू खाली ठेवला आणि म्हटलं की चामडं अपवित्र, पण रेशीम तर सदा सोवळं. मग पट्टा रेशमाचा केला तर दोन्हीकडं निभेल.

वा, काय कौतुक झालं म्हणता! रावसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शास्त्रीबोवांना तर असं भरून आलं की त्यांनी आपल्या वडिलांचा पूजेचा रेशमी मुकटा द्यायचं तिथल्या तिथं कबूल केलं. वडिलांनी तीस वर्षं तो नेसून पूजा केली होती, त्यामुळं त्याच्याएवढं पवित्र वस्त्र कल्याणात दुसरं नव्हतं. ते कबूल. पण तीस वर्षं पूजेत आणि त्यानंतर कितीतरी वर्षं पेटीत पडलेलं रेशीम घडीघडीवर विरलेलं असतं, हे माझ्या आईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मी घरी जाऊन तिला माझं कौतुक तेवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुकटा आला. त्याची चौपदरी घडी करून गवंड्याच्या कमरेला गुंडाळली, मधून दोर ओवला, आणि दोराचं टोक शिखराच्या दगडात ठोकलेल्या लोखंडी कडीला बांधलं. चामड्याचा पट्टा देवळाबाहेर, जिथं सगळे चपला-जोडे काढत, तिथं खुंटीला टांगला. त्याची बायको घाणीपाशी उभी राहून बघत होती. एकदा बोलून झालं होतं तिचं.

चढायच्या आधी गवंडी माझ्याकडं आला. पंच सावलीला बसले होते, त्यांच्यापर्यंत आवाज जाणार नाही असा हळू बोलला.

"दादा, तुम्ही शिकलेले. धरंल का हे?"

मुकट्याची कड त्यानं दोन बोटांत धरली होती. त्यानं सगळ्यांना सोडून मला विचारलं, कारण कल्पना माझी होती हे त्याला कळलं होतं. मला रेशमातलं काय कळत होतं? काही नाही. नुसतं एकदा दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहायचं होतं. तेवढ्यानं कळलं असतं. पण पंचांसमोर आपल्याच शहाणपणाची परीक्षा कोण घेईल?

"धरेल," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि चढला.

चार दिवस काही झालं नाही, कारण चार दिवस त्याचा पाय सटकला नाही. आम्हाला वाटलं मुकटा काम करतोय. शास्त्रीबोवा येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बोट करून दाखवायचे आणि मी शेजारी उभा राहून ऐकायचो. डोंबिवलीहून एक जमीनदार गृहस्थ मुद्दाम गाडी जुंपून बघायला आले, आणि आपल्या गावच्या देवळालाही हीच युक्ती करायची म्हणून माझ्याकडून लिहून घेऊन गेले. कुठं ठेवला असेल त्यांनी तो कागद, देव जाणे.

पाचव्या दिवशी सकाळी मी कचेरीत जाता जाता देवळाशी थांबलो. तो सगळ्यात वरच्या फळीवर होता, तडकलेला दगड पहारीनं सोडवत होता. फळीवर चुना सांडलेला असावा. पाय गेला. दोर ताणला गेला आणि एक क्षणभर तो खरंच थांबला, हवेत, मी पाहिला. मग फाडलेल्या कापडाचा आवाज आला. मोठा नव्हता. दुकानात कापड फाडून देतात तेवढाच.

तो आधी सभामंडपाच्या छपरावर आदळला आणि तिथून खाली, नंदीच्या पुढ्यात फरशीवर पडला. बायको घाणीवरून धावत आली. तिचे हात कोपरापर्यंत चुन्याचे होते, त्या हातांनी तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दुपारच्या आत तो गेला. शुद्धीवर आलाच नाही, असं सगळे म्हणाले. मी तर म्हणतो देवाची कृपा, नाहीतर त्यानं डोळे उघडून मला शोधलं असतं.

वर दोराला मुकट्याचा अर्धा तुकडा लोंबत होता. शास्त्रीबोवांनी तो पाहिला आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, तो मुकटा विटाळला असा होता. मी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण त्यांचा राग काय करायचा? त्यांनी मुकटा दिला होता, धरेल असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

देऊळ धुतलं, शांती केली, पुन्हा सभा बसली. मुहूर्ताला आता आठवडा राहिला होता. भिवंडीकडचा एक गवंडी मिळाला, तो परांचीखाली उभा राहिला, वर बघितलं, फरशीकडं बघितलं, आणि म्हणाला की पुलावरचा तो पट्टा मिळाला तरच चढेन. झालं गेलं त्याच्या कानावर आलं होतं. मला वाटलं, आता पुन्हा तीन दिवस. कसले तीन दिवस! मुहूर्त टळला तर पुढं चातुर्मास, म्हणजे चार महिने कळसाशिवाय देऊळ आणि गावात नाचक्की. पंचांनी पानाचा विडा चघळून संपायच्या आत ठरवलं की चामड्यावर गंगाजल शिंपडलं की ते शुद्ध होतं. शास्त्रीबोवांनी याला आधारही काढला. आधार जवळच होता, नुसता हात लांब करायचा होता. आधी का नाही केला, हे मी विचारलं नाही. लिहून घेतलं.

पट्टा मागायला कुणी जायचं, यावर मात्र सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मग सगळे माझ्याकडं पाहू लागले.

तळ्यापलीकडं कुडाच्या झोपडीत ती राहत होती. गाठोडं बांधत होती, माहेरी चालली होती. पट्टा तिनं त्याच दिवशी खुंटीवरून काढून आणला होता आणि तो दारातच टांगला होता. मला बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी कसंबसं सांगितलं की दुसरा गवंडी चढणार आहे, त्याला पट्टा हवा आहे, आणि पंचांची काही हरकत नाही.

ती गाठोड्याची गाठ मारायची थांबली.

"आता चालतं का चामडं?"

"चालतं," मी म्हटलं.

"कवापासून?"

काय सांगू? मी म्हटलं, "कालच्या सभेपासून."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी पायावर डोकं ठेवलं असतं, मला तेच हवं होतं. तिनं दिल्या नाहीत. उठून पट्टा काढला, पदरानं पुसला, कडी दोनदा ओढून बघितली आणि माझ्या हातात दिला.

"न्या. त्यो तरी घरी जाईल."

मी पट्टा घेऊन तळ्याच्या काठानं परत आलो. वाटेत एका जागी बसलो आणि तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला. मग पोटभर रडलो, एवढा मोठा सरकारी कारकून.

कळसाच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. कळस जागेवर बसवताना नव्या गवंड्याचा पाय खरंच सटकला. दोर ताणला, पट्टा कमरेत रुतला आणि तो लोंबकळत राहिला. मग परांचीवरच्या माणसांनी हात दिला आणि त्यानं पुन्हा फळीवर पाय टेकले. खाली हर हर महादेवचा गजर झाला, नगारा वाजू लागला. देवानं सांभाळलं, असं शास्त्रीबोवा म्हणाले आणि रावसाहेबांनी डोळे पुसले. मी त्यांच्यामध्ये उभा होतो.

संध्याकाळी वृत्तान्त लिहायला बसलो. आधीच्या पानांवर चामडं होतं, रेशीम होतं, मुकट्याबद्दल शास्त्रीबोवांचे आभार होते. मेलेल्या गवंड्याची ओळ कुठं घालायची ते मी विचारलं. रावसाहेब म्हणाले, शुभकार्याच्या कागदावर ते नको. मग त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं की श्रीकृपेनं कळसाचं कार्य निर्विघ्न पार पडलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं होतं.