दामोदररावांचं दिलपसंद

हेब्बाळच्या मराठी मंडळीत दामोदर साळव्यांइतका शिस्तीचा माणूस दुसरा नाही, आणि नाही हेच बरं आहे. मूळचे नगरकडचे. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून बेंगळुरूत आले आणि इथलेच झाले. कारखान्यात त्यांचं काम तपासणीचं. दुसऱ्यानं केलेल्या मालात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा, असं भाग्य कुणाला लाभतं? निवृत्त झाले, पण जित्याची खोड काही गेली नाही. रविवारी कन्नड मंडळीची उपासना आटोपली की तेच चर्च मराठी लोकांना मिळतं. मधल्या वेळात दामोदरराव दोरी लावून खुर्च्यांच्या रांगा सरळ करतात. भागीरथीबाई म्हाताऱ्या, गुडघ्यांपायी खुर्ची जरा तिरकी ओढून बसतात. दामोदरराव ती पुन्हा सरळ करतात, बाई खुर्चीत असताना. त्या दोघांचं त्यामुळे फारसं बोलणं नाही.

त्यांच्या पत्नी सुलभाबाई म्हणजे दुसरं टोक. त्यांचा देव स्वयंपाकघरात वावरतो. दूध उतू जायच्या आत हात गॅसपर्यंत पोचला की त्या म्हणणार, "आलास का रे देवा?" सुटता सुटता बस मिळाली, आलास का. हरवलेला चष्मा डोक्यावरच सापडला, आलास का. एकदा मारतहळ्ळीला बस तासभर अडकली आणि शेजारच्या बाईनं शेंगदाण्याची पुडी पुढे केली, तेव्हाही तेच.

"देवाला दुसरी कामं नाहीत वाटतं," दामोदरराव म्हणायचे.

"असतील की. पण चहाच्या वेळेला मोकळा असतो तो."

दामोदरराव हे हसण्यावारी न्यायचे, पण खरं सांगायचं तर त्यांना बायकोचा हेवा वाटायचा. उभा जन्म त्यांनी मंडळीत खुर्च्या मांडल्या, प्रभुभोजनाचे पेले घासूनपुसून लख्ख ठेवले. पण ज्याच्यासाठी हे सगळं, तो आला, येऊन बसला, असं त्यांना एकदाही जाणवलं नव्हतं. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि ह्यांचा एक किलकिला, रांग मोडली का बघायला. अलीकडे मनानं घेतलं होतं, की आपण या घरातले नव्हेच. आपण नुसते मांडववाले, लग्न दुसऱ्याचं. अशा माणसाच्या हातात प्रभुभोजनाच्या कपाटाची किल्ली शोभत नाही. येत्या रविवारी उपासना झाली की पाळकसाहेबांना ती परत करायची आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि 'जरा बोलायचंय' एवढा निरोपही पाळकसाहेबांना धाडला. सुलभाबाईंना सांगितलं तेव्हा त्या चिडवतील असं त्यांना वाटलं होतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," एवढंच त्या म्हणाल्या.

प्रभुभोजनाची भाकर दर वेळी सुलभाबाई घरी भाजायच्या. या खेपेला मनगट मुरगळलेलं, म्हणून शनिवारी संध्याकाळी दामोदररावांनाच कोपऱ्यावरची अय्यंगार बेकरी गाठावी लागली. बेकरीवाल्या गुरुदत्तकडून त्यांनी एक साधा गोल पाव घेतला. सुलभाबाईंनी फोन करून उपासनेनंतरच्या चहासाठी दिलपसंदही सांगून ठेवलं होतं. दिलपसंद म्हणजे बेंगळुरूच्या बेकऱ्यांचा लाडका प्रकार. वरून दिसायला खरपूस चपटी भाकरी, आत ओलं खोबरं, साखर आणि लाल-हिरवी टुटीफ्रुटी. गुरुदत्तनं दोन्ही पुडे सारख्याच कागदात गुंडाळून सारख्याच दोऱ्यानं बांधले.

"सार, स्वल्प, जरा बघून घ्या," तो म्हणाला.

"सरी, सरी," असं कानडीत बरं-बरं म्हणत दामोदरराव निघाले. विमानाचा स्क्रूसुद्धा तीनदा मोजून घेणारा हा माणूस! पण पवित्र वस्तूची तपासणी करायची नसते असं त्यांचं मत. रविवारी चर्चमध्येही त्यांनी एक पुडा भक्तिभावानं डोळे मिटून सोडला, आतली गोल वस्तू ताटात ठेवली आणि वर पांढरा रुमाल पसरला. उभ्या आयुष्यात दोन्ही डोळे मिटले ते नेमके तेव्हा. वास यावा, तर नाक सर्दीनं चोंदलेलं.

उपासना सुरू झाली. किल्ली खिशात टोचत होती. गाणी झाली, उपदेश झाला. पाळक संतोषकुमार तसे तरुण, पण भोजनाच्या वेळी त्यांचा आवाज भारदस्त होतो. त्यांनी रुमाल उचलला, भाकर दोन्ही हातांनी उंच धरली आणि मोडली.

खोबऱ्याचा सडा पडला. टुटीफ्रुटीचे तुकडे पांढऱ्या कापडावरून टणाटण उडत पहिल्या रांगेपर्यंत गेले.

दामोदररावांच्या पाचावर धारण बसली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. किल्ली परत करायच्या दिवशीच एवढं अवलक्षण! पाळकसाहेबांनी हातातल्या दोन तुकड्यांकडे बघितलं, मग मंडळीकडे. त्यांचे ओठ थरथरत होते, ते कशानं हे मागच्या रांगेलाही कळत होतं.

"प्रभूनं त्या रात्री," ते सावकाश म्हणाले, "घरात जी भाकर होती तीच हातात घेतली. आज आपल्या घरात ही आहे. या."

लोक उठले. रांगा मोडल्या. कुणी खोबरं सांडत होतं, कुणी ते अलगद वेचून तोंडात टाकत होतं. दामोदररावांकडे सरळ करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून ते ताट धरून नुसते उभे राहिले आणि समोर येणाऱ्यांचे चेहरे बघू लागले. इतकी वर्षं त्यांनी रांगा बघितल्या होत्या, चेहरे आज बघत होते.

शेवटी भागीरथीबाई काठी टेकत आल्या. त्यांच्या वाट्याला टुटीफ्रुटीचा तांबडा तुकडा आला. डोळे मिटून त्यांनी तो सावकाश खाल्ला.

"दामोदर," त्या हळूच म्हणाल्या, "इतके दिवस मी समारंभाला येत होते. आज वाटलं, त्यानं घरी जेवायला बोलावलंय."

आणि त्या ह्यांच्याच हाताला धरून पायरी उतरल्या. दामोदररावांनी बाईंना जागेवर नेलं, त्यांची खुर्ची स्वतः तिरकी करून दिली आणि तिथेच उभ्या उभ्या पुटपुटले, "आलास का रे देवा?"

उपासनेनंतर पाळकसाहेब जवळ आले. "काका, तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं ना?"

दामोदररावांनी खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली. तिथेच ठेवून त्यांनी हात बाहेर काढला.

"हो. चहाबरोबर आज साधा पाव खावा लागेल, एवढंच सांगायचं होतं."

सुलभाबाई शेजारीच उभ्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मिशीत खोबरं अडकलंय."

"असू दे," दामोदरराव म्हणाले.